वजा २७३० लिटर

मी व्यवसायाने हिशेबनीस. सीएच्या ऑफिसात व्हाउचरं तपासण्यात सतरा वर्षं गेली. इलेक्ट्रॉनिक्सशी संबंध आला तो मुलाच्या आठवीतल्या सुट्टीत आणलेल्या अर्डुइनो किटमुळे (प्रोग्रॅम लिहून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड आणि त्याचे सुटे भाग). दिवा लुकलुकवून झाल्यावर मुलाचा उत्साह संपला, माझा राहिला. हे आधीच सांगते, कारण पुढे ज्या चुका येणार आहेत त्या बघून जाणकार हसतील. हसू देत. अशा छोट्या बोर्डावर मोठे आकडे मोजायचे आणि छापायचे कसे, यात मी अडकले होते तेव्हा मराठीत कोणी लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून लिहितेय.

पुण्यातली आमची सोसायटी ८४ फ्लॅटची. महापालिकेचं पाणी पुरत नाही, उन्हाळ्यात टँकर लागतात, आणि दर महिन्याच्या सभेत एकच वाद: पाणी नक्की लागतं किती? माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी हिशेब धरला तर दिवसाला ४५ हजारांच्या आसपास. पण मोजलं कोणी? ७ जानेवारी २०२४ च्या सभेत एका कंपनीचं डिजिटल मीटरचं दरपत्रक आलं, ३८ हजारांचं. मी म्हणून गेले, "एवढ्याला कशाला, मी बनवते." मी खजिनदारही आहे (नको नको म्हणताना गळ्यात पडलेलं पद), त्यामुळे शब्द मागे घेता येईना. ठराव झाला: खर्च रु. ५,००० पर्यंत, बिलं जोडावीत, यंत्र न चालल्यास खजिनदारांनी ते स्वखर्चाने काढून न्यावं. शेवटची ओळ सेक्रेटरीकाकांची.

तापकीर गल्लीत दोन फेऱ्या झाल्या. दोन इंची फ्लो सेन्सर १,८५०, उनो या अर्डुइनो बोर्डाचा क्लोन ४८०, सोळा अक्षरं दोन ओळींचा एलसीडी २६०, पुढे लागलेलं घड्याळाचं मॉड्यूल १४०, खोकं-वायर-अडॅप्टर मिळून ४००, प्लंबरची मजुरी १,५००. एकूण ४,६३०. सेन्सर बसवला तो खालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवणाऱ्या पंपाच्या पाइपवर. आत चक्र फिरतं, फिरताना पल्स, म्हणजे विजेचे ठोके, येतात. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, लिटरला १२ पल्स. पल्स मोजायचे, बाराने भागायचं, आकडा दाखवायचा. यात चुकण्यासारखं काय आहे?

शनिवार, २० जानेवारीला संध्याकाळी समितीचे चौघं पंपरूममध्ये जमले. पंप सुरू झाला. आकडा पळायला लागला, मिनिटाला २०० लिटर. काका खूश. साडेतेरा मिनिटं झाली असतील, स्क्रीनवर २७३० आलं आणि पुढच्या क्षणी वजा २७३०. पाणी वर चढतंय आणि यंत्र सांगतंय की सोसायटीचं पालिकेला पावणेतीन हजार लिटर देणं आहे. "हे क्रेडिट आहे का ताई?" एकाने विचारलं. मी पंप बंद केला.

कारण त्याच रात्री सापडलं. पल्सचा आकडा मी 'इंट' या पूर्णांकाच्या डब्यात ठेवला होता. कॉम्प्युटरवर इंट ३२ बिटचा (बिट म्हणजे ० किंवा १ मावणारी एक जागा) असतो, पण उनोवरच्या एटीमेगा ३२८पी या चिपसाठी तो १६ बिटचा धरतात. त्यात मावतं ३२,७६७ पर्यंतच. पुढचा पल्स आला की आकडा उलटतो, वजा ३२,७६८ होतो. त्याला बाराने भागा: वजा २७३०. म्हणजे भागाकार अगदी बरोबर होता!

रविवारी सकाळी इंटच्या जागी 'लाँग' लिहिलं. लाँग ३२ बिटचा, २१४ कोटींपर्यंत जातो. त्या रात्री वॉचमनमामांनी फोन केला. "मॅडम, वजा वीस हजार पाचशे छत्तीस. आणि टँकर शून्य दाखवतंय, आज दोन आलेत." टँकर आला की मामांनी दाबायचं एक बटणही मी लावलं होतं. सोमवारी संध्याकाळी आकडा झाला ४,४६४, टँकर १. मामा वहीत निमूटपणे जसंच्या तसं उतरवत होते, त्यांचे उपकार विसरणार नाही. त्या वहीनेच पुढे मला वाचवलं.

या वेळी मोजणी बरोबर होती, छपाई चुकत होती. ओळ जुळवायला मी 'स्प्रिंटएफ' हे मजकुरात आकडे बसवणारं फंक्शन वापरलं होतं आणि त्यात लिटर व टँकर दोन्हींच्या जागी 'परसेंट-डी' ही खूण लिहिली होती. परसेंट-डी म्हणजे इंट, दोन बाइट (आठ बिटचा एक बाइट). मी त्याला दिला लाँग, चार बाइट. ते बिचारं पहिले दोन बाइट उचलून इंट म्हणून छापतं. पुढच्या परसेंट-डीची पाळी आली की उरलेले दोन बाइट उचलतं, आणि टँकरचा खरा आकडा रांगेत मागेच राहतो. ४५,००० लिटरचे खालचे दोन बाइट इंट म्हणून वाचले तर येतात वजा २०,५३६, वरचे दोन शून्य. ७०,००० मधून ६५,५३६ गेले की ४,४६४ उरतात आणि वर १. टँकर एक झाला तो असा. लाँगसाठी 'परसेंट-एल-डी' लागतं, अनसाइन्ड (ऋण न होणारा) असेल तर 'परसेंट-एल-यू'. एक अक्षर.

इथे एक गोष्ट नक्की करा. अर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधल्या प्रेफरन्सेसमध्ये 'कंपायलर वॉर्निंग्ज' नावाचा पर्याय आहे (कंपायलर म्हणजे आपला प्रोग्रॅम चिपच्या भाषेत उतरवणारा). तो मुळात 'नन'वर असतो, तो 'ऑल' करा. मी केला तेव्हा कंपायलरने या चुकीवर बोट ठेवलं होतं. तो पहिल्या दिवसापासून ओरडत होता, मीच त्याच्या तोंडावर हात ठेवून बसले होते.

त्याच आठवड्यात दुसरी एक गंमत. 'आजचा वापर' मध्यरात्री शून्य व्हावा म्हणून एका दिवसाचे मिलिसेकंद लिहिले: २४ गुणिले ६० गुणिले ६० गुणिले १०००. तर दिवस दर साडेतेवीस सेकंदांनी संपायला लागला. हे चारही आकडे इंटमध्ये मावणारे, म्हणून गुणाकारही इंटमध्येच होतो आणि वाटेत दोनदा सांडून २३,५५२ उरतात. उत्तर कितीही मोठ्या डब्यात ठेवलं तरी सांडलेलं परत येत नाही. पहिल्याच आकड्याला 'यूएल' (अनसाइन्ड लाँग) जोडलं की सगळा गुणाकार ३२ बिटमध्ये होतो. मी तेही केलं आणि शिवाय घड्याळाचं मॉड्यूल आणलं. बोर्डाचा मिलिसेकंदांचा काटा ४९.७ दिवसांनी स्वतःच शून्यावर येतो, त्याच्यावर पंचांग चालवायचं नाही.

जानेवारीअखेर यंत्र सुरळीत दिसत होतं. तेव्हा थांबले असते तर हा लेख इथेच संपला असता. पण हिशेबनिसाला कागदावरच्या 'लिटरला १२' वर भरवसा कसा बसणार? २८ तारखेच्या रविवारी गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी तीनदा भरून पल्स मोजले. सरासरी ११,७६०. म्हणजे एका पल्सला ८५.०३ मिलिलिटर. दशांश आला, म्हणून मी एकूण वापराचा आकडा 'फ्लोट' या दशांशाच्या डब्यात टाकला आणि प्रत्येक पल्सला त्यात ८५.०३ मिळवायला सांगितलं. दाखवताना हजाराने भागून लिटर. (फ्लोट स्प्रिंटएफने छापायला गेलात तर उनोवर नुसतं प्रश्नचिन्ह उमटतं, सरळ एलसीडीच्या प्रिंटने छापा.) गुरुवार, १ फेब्रुवारीला नवा प्रोग्रॅम चढवला, एकूण वापर शून्यापासून सुरू.

पुढचे दीड महिने मी निवांत होते. मामा रोज रात्री दहाला आकडा वहीत लिहायचे, मी रविवारी वजाबाकी करायचे. पहिल्या आठवड्यात रोजचे ४५ हजार. मग चार-पाच दिवस ५१ हजार. १२ फेब्रुवारीपासून एकदम ३४ हजार, आणि तसेच रोज. समितीने नुकतीच पाणी वाचवा म्हणून नोटीस लावली होती. २५ तारखेच्या सभेत तिचं श्रेय कोणी घ्यायचं यावर गोड वाद झाला, सभासदांच्या अभिनंदनाचा ठराव झाला. २८ तारखेपासून आकडा गेला ६८ हजारांवर. आता सूर बदलला. वरच्या मजल्यावर गाड्या धुतात इथपासून भाडेकरूंपर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला. ५ मार्चला प्लंबर बोलावून गळती शोधली. १,२०० रुपये गेले, गळती सापडली नाही. १५ मार्चच्या रात्री आकडा होता २१,४७,४८४. १६ च्या रात्रीही तोच. पाणी येत होतं, पंप चालत होता, चक्र फिरत होतं, आकडा गोठला होता.

मी वही घेऊन बसले. हिशेबात आमच्याकडे एक जुनी युक्ती आहे: ताळेबंदातला फरक नऊने भागला गेला तर कुठेतरी दोन अंक अदलाबदल झालेत असं समजायचं. म्हणजे चुकीलाही स्वभाव असतो. इथे सोळा दिवस ३४ हजार, नंतर सोळा दिवस ६८ हजार. नेमके दुप्पट. माणसं असं पाणी वापरत नाहीत. सांगलीला इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन. "मावशी, स्क्रीनवर लिटर आहेत, पण आत तू मिलिलिटर ठेवलेत ना? मग आत २१४,७४,८३,६४८ असणार. हा दोनचा एकतिसावा घात आहे. तू फ्लोट वापरलायस."

फ्लोटचं दुखणं मला असं समजलं. रकमेच्या वहीत साधारण सातच रकाने आहेत असं समजा. रक्कम वाढून नऊ-दहा आकडी झाली तर पहिले सात आकडे लिहायचे आणि पुढे नुसती गोळाबेरीज. फ्लोटकडे अंकांसाठी २४ बिट असतात, त्यामुळे १,६७,७७,२१६ पर्यंतच्या सगळ्या पूर्ण संख्या त्यात नेमक्या बसतात. त्यापुढे घरं पडायला लागतात: दोन-दोनची, चार-चारची, आठ-आठची. माझा आकडा मिलिलिटरमध्ये, त्यामुळे ही हद्द त्याने पहिल्याच दिवशी ओलांडली होती. फेब्रुवारीच्या मध्यावर घरं ६४ ची होती. ८५ मिळवले की जवळचं घर ६४. प्रत्येक पल्सला २१ मिलिलिटर गायब. महिनाअखेरीस घरं १२८ ची झाली. ८५ ला जवळचं घर १२८, म्हणून दीडपट. २१४ कोटी मिलिलिटरच्या पुढे घरं २५६ ची. ८५ ला जवळचं घर कोणतं? शून्य. आता कितीही पल्स येवोत, आकडा जागचा हलत नाही. ४५ हजारांना ६४ ने गुणून ८५ ने भागा, ३३,८८२ येतात. ६४ ऐवजी १२८ घ्या, ६७,७६५. मामांच्या वहीशी ताळा पडला आणि मला एकाच वेळी हायसं वाटलं आणि लाजही वाटली. सभासदांचं अभिनंदन आणि भाडेकरूंवरचा संशय, दोन्ही माझ्या एका शब्दामुळे. प्लंबरचे १,२०० मी माझ्या खिशातून भरले आणि सभेत उभं राहून सांगितलं. काका एवढंच म्हणाले, "म्हणजे अभिनंदनाचा ठराव रद्द करायचा का?"

'डबल' हा फ्लोटचा मोठा भाऊ वापरून बघू म्हणाल तर उनोवर डबलही चारच बाइटचा आहे, फरक पडत नाही.

मग मार्चअखेर. आमच्या धंद्यात १५ ते ३१ मार्च या दिवसांत कोणी स्वतःच्या लग्नालाही जात नाही. यंत्र तसंच गोठलेलं राहिलं, मामा टँकर मोजत राहिले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा हात घातला. दशांश सोडून दिला. ८५.०३ ऐवजी सरळ ८५ धरले तर चूक ०.०४ टक्के, दिवसाला १८ लिटर. चालेल. एकूण आकडा ६४ बिटच्या अनसाइन्ड पूर्णांकात. त्यात वीस आकडी संख्या मावते. मोजणीचा प्रश्न कायमचा मिटला.

आणि छापायला गेले तर कंपायलर अडला. एलसीडीच्या प्रिंटला ६४ बिटचा पूर्णांक माहीतच नाही. त्याच्याकडे इंट, लाँग, डबल यांच्यासाठी वेगवेगळे रस्ते आहेत, यातला कोणता धरू म्हणून तो 'अँबिग्युअस' असा शेरा मारून थांबतो. पुष्कळ जण इथे आकड्यासमोर कंसात 'अनसाइन्ड लाँग' लिहून मोकळे होतात. कंपायलर गप्प होतो, पण ४२९ कोटी ४९ लाखांनंतर आकडा शून्यापासून सुरू होतो. आमच्या वापराला म्हणजे ९५ दिवसांनी. मला आणखी एक टाइम बॉम्ब पुरायचा नव्हता.

स्प्रिंटएफमध्ये 'परसेंट-एल-एल-यू' लिहून पाहिलं. माझ्या अर्डुइनोसोबत आलेल्या, उनोच्या चिपसाठीच्या एव्हीआर लायब्ररीत (तयार फंक्शनांच्या संचात) दोन 'एल' दिसले की छपाई तिथेच सोडून देतात. 'एकूण' हा शब्द उमटला, पुढे कोरं. भाच्याने हौसेने कॉलेजच्या एसटीएम३२ बोर्डावर 'परसेंट-एल-एल-डी' करून बघितलं, तर आकड्याऐवजी 'एल' आणि 'डी' ही दोन अक्षरंच छापली गेली. तिथली छोटी न्यूलिब-नॅनो लायब्ररी पहिला 'एल' गिळते आणि दुसऱ्यावर गोंधळते. इएसपी३२ या आणखी एका बोर्डावर मात्र हेच मुकाट्याने बरोबर छापलं जातं. म्हणून कोणी "माझ्याकडे चालतं" म्हणालं तर आधी बोर्ड कोणता ते विचारा.

पुढचा प्रयत्न: आकड्याचे दोन तुकडे करायचे. शंभर कोटींनी भागून आलेला भागाकार आणि बाकी दोन्ही ३२ बिटमध्ये मावतात, एकापुढे एक छापायचे. ५०० कोटी ४२ हा आकडा मुद्दाम देऊन बघितला. छापलं ५४२. भागाकार ५, बाकी ४२, मधली सात शून्यं खाल्ली. चेकवर अक्षरी रक्कम लिहिणाऱ्या बाईने ही चूक करावी! बाकी नेहमी नऊ जागांत, पुढे शून्यं भरून छापायची: 'परसेंट-शून्य-नऊ-एल-यू'. पण मग छोट्या आकड्यांच्या पुढेही शून्यं येतात, म्हणून भागाकार शून्य असेल तेव्हा वेगळी वाट. आणि संपूर्ण वीस आकडी संख्या असेल तर दोन तुकडेही पुरत नाहीत, तीन लागतात. या पट्ट्या लावता लावता मी कंटाळले आणि सगळं पुसून पाटीवरच्या पद्धतीने लिहायचं ठरवलं.

पाटीवरची पद्धत अशी. आकड्याला दहाने भागा, बाकी म्हणजे शेवटचा अंक. भागाकाराला पुन्हा दहाने. अंक उलटे हाती येतात, म्हणून अक्षरांचा डबा शेवटून भरत यायचं आणि छापायला सुरुवात जिथे थांबलो तिथून. डब्याच्या शेवटच्या घरात आधी समाप्तीचा शून्य बाइट. दोन ठिकाणी माझा पाय घसरला. 'आकडा शून्य नाही तोवर' अशी फेरी लिहिली तर खुद्द शून्य छापताना काहीच छापलं जात नाही, म्हणून 'आधी कर, मग तपास' अशी डू-व्हाइल फेरी हवी. आणि ऋण आकडा असेल तर आधी उलटा करून मग वजा चिन्ह लावायचं, तर सगळ्यात मोठा ऋण आकडा उलटतच नाही, त्याचा धन जोडीदार त्या प्रकारात मावत नाही. तो अनसाइन्डमध्ये नेऊन उलटावा लागतो. माझ्याकडे पाणी ऋण नाही (आता), म्हणून मी तो भाग सोडला.

याच फेरीत स्वल्पविरामही बसवले, आपल्या पद्धतीचे. इंग्रजी कोड शोधलात तर सगळीकडे तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम. मामांना आणि काकांना लाख-कोटी वाचायचेत. नियम सोपा निघाला: तीन, पाच, सात, नऊ… असे अंक लिहून झाले आणि अजून आकडा शिल्लक असला, तरच स्वल्पविराम. 'शिल्लक असला तरच' विसरलात तर ९९९ च्या डावीकडे एक स्वल्पविराम लोंबकळतो. डबा किती मोठा? वीस अंक, नऊ स्वल्पविराम आणि समाप्तीचा एक बाइट, तीस. मी आधी २१ चा केला होता, स्वल्पविराम मोजलेच नव्हते.

सगळं झाल्यावर भाचा म्हणाला, "मावशी, तुला स्क्रीनवर लिटरच हवे असतील तर ६४ बिटच्या आकड्याला आधी हजाराने भागायचं होतंस. भागाकारही ३२ बिटमध्ये बसला असता आणि बाकीही. नेहमीच्या प्रिंटने काम झालं असतं." मी फोन ठेवून चहा केला. त्याचं बरोबर होतं. पण फंक्शन तयार होतं आणि मला मिलिलिटरपर्यंत आकडा बघायचा होता, तेव्हा ते राहू दिलं. तुम्ही मात्र आधी हा प्रश्न स्वतःला विचारा.

कोड वाचताना त्याने आणखी एक गोष्ट पकडली, जी मी डोळ्यांनी कधीच पाहिली नसती. चिप आठ बिटची. आठ बाइटचा आकडा ती एकेक बाइट करून उचलते. अर्धे बाइट उचलून झालेत आणि तेवढ्यात पल्स आला, तर इंटरप्ट (पल्स येताच हातातलं काम थांबवून चालणारा कोड) आकडा बदलून जातो आणि आपल्या हाती अर्धा जुना, अर्धा नवा असा तिसराच आकडा येतो. हे क्वचित घडतं, पण नेमकं त्या क्षणी आकडा ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) साठवला जात असला आणि नंतर वीज गेली की संपलं. इलाज: इंटरप्ट बंद करून आकड्याची प्रत काढायची, लगेच चालू करायचे, आणि छपाई-साठवण सगळं त्या प्रतीवर. ईईप्रॉमचं आयुष्य एका घराला एक लाख वेळा लिहिण्याचं. तासाला एकदा लिहिलं तर अकरा वर्षं निघतात.

९ एप्रिल, गुढीपाडवा. पुरणपोळ्या उरकून पंपरूममध्ये गेले, नवा प्रोग्रॅम चढवला. पहिल्या ओळीवर उमटलं १,८४,४६,७४,४०,७३ आणि पुढचं स्क्रीनबाहेर. काळजाचा ठोका चुकला, मग हसू आलं. कोऱ्या ईईप्रॉमच्या प्रत्येक बाइटमध्ये सगळे बिट एक असतात. तसे आठ बाइट वाचले की येतो ६४ बिटचा सगळ्यात मोठा आकडा, १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. तेवढे मिलिलिटर म्हणजे खडकवासला साखळीतली चारही धरणं, साधारण २९ टीएमसी, बावीस हजारांहून जास्त वेळा भरतील एवढं पाणी. पहिल्यांदा वापरताना ईईप्रॉममध्ये शून्य लिहायचं असतं हे मला तेव्हा कळलं. पण एक फायदा झाला: वीस अंकी आकडा माझं फंक्शन बरोबर छापतं हे आपोआप सिद्ध झालं.

पुढचे चार दिवस फक्त तपासणी. सेन्सर काढून ठेवला आणि आकडे हाताने भरून सिरिअल मॉनिटरवर (बोर्डाने पाठवलेलं कॉम्प्युटरवर दाखवणाऱ्या खिडकीत) बघत बसले: ०, ९, १०, ९९९, १०००, ९९,९९९, एक लाख, ३२,७६७ आणि ३२,७६८, ४२९,४९,६७,२९५ आणि त्याच्या पुढचा, ते ५०० कोटी ४२ वालं, आणि सगळ्यात मोठा. चुका नेहमी उंबरठ्यावर सापडतात, मधल्या आकड्यांवर वेळ घालवू नका. यातच एलसीडीची एक खोड दिसली. मध्यरात्री 'आज'चा आकडा ४५२१० वरून ० झाला आणि स्क्रीनवर ०५२१० राहिलं. एलसीडी आधीचं पुसत नाही. आकडा उजवीकडे टेकवून डावीकडे मोकळ्या जागा छापल्या की झालं.

शेवटचा हट्ट मामांसाठी. ते वही देवनागरी अंकांत लिहितात, तर स्क्रीनही तशीच का नको? या एलसीडीच्या कंट्रोलरमध्ये स्वतःची फक्त आठ अक्षरं भरता येतात आणि आपले अंक दहा. पण शून्य तसं गोलच आहे आणि आपला तीन इंग्रजी तिनासारखा दिसतो. उरले १, २, ४, ५, ६, ७, ८, ९. मोजा, बरोब्बर आठ! पाच ठिपक्यांच्या रुंदीत १ आणि ९ वेगळे दिसायला दोन संध्याकाळी गेल्या. यातही एक खड्डा: पहिल्या अक्षराचा क्रमांक शून्य, आणि शून्य बाइट दिसला की छपाईला वाटतं मजकूर संपला. तीच आठ अक्षरं ८ ते १५ या क्रमांकांवरही मिळतात, ते वापरायचे.

रविवार, १४ एप्रिलला शून्यापासून मोजणी सुरू केली. नंतर मे गेला, टँकर गेले, पाऊस आला. रोजचा वापर ४४ ते ४६ हजार, कंटाळवाणा आणि खरा. पण माझ्या डायरीत एक तारीख लिहिलेली होती. आषाढीच्या दुसऱ्या दिवशी, १८ जुलैला संध्याकाळी, आकडा ४२९ कोटी ४९ लाखांची वेस ओलांडणार होता. गंमत म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ ला ८५ ने नि:शेष भाग जातो, म्हणजे शून्यापासून निघालेला माझा आकडा त्या शेवटच्या उंबरठ्यावर नेमका पाय ठेवूनच पुढे जाणार. मी ऑफिसातून लवकर निघाले. मामा पंप चालू करून स्टुलावर बसले होते.

स्क्रीन सेकंदाला एकदाच बदलते, त्यामुळे तो नेमका आकडा काही दिसला नाही. ४,२९,४९,६५,८५० होतं, मग ४,२९,४९,६९,२५० झालं.

"काय बघताय मॅडम?" मामांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "आकडा पुढे गेला."

"मग, पंप चालू आहे ना," मामा म्हणाले आणि वही उघडून तारीख टाकायला लागले.